ओळख पटली

"आत एकानंच जायचं," दारावरचा शिपाई म्हणाला. "बाप जाते का पोरगी जाते, ते ठरवा."

त्यानं नाकातोंडाला रुमाल बांधला होता, त्यामुळे बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. बाबांना मराठी कळायचं, पण सरकारी माणसापुढं त्यांच्या तोंडून ते निघत नसे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. शवागाराच्या उंबऱ्यावरून फिनाईलचं पांढरट पाणी वाहत आलं होतं आणि माझ्या चपलेपाशी थांबलं होतं.

"बाबा जातील," मी म्हणाले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुढं मी नर्स झाले, उपकेंद्रात लागले, कितीतरी मेलेल्या माणसांचे डोळे या हातांनी मिटले. त्या दिवशी मात्र पाय उचलला नाही, आणि उचलला नाही याचं काही वाटलंही नाही. काहीच वाटत नव्हतं. आदल्या दिवशी ठाण्यातल्या जमादारानं मोबाईलवरचा फोटो दाखवला, तेव्हापासून अंग सगळं लाकडासारखं झालं होतं. फोटोत सुजलेला चेहरा होता, त्यावर केस चिकटलेले. "हीच ना तुमची वंजे? शरण आलेल्या एकानं ओळखली आहे." बाबा बराच वेळ त्या काचेकडं बघत राहिले आणि मला म्हणाले, "सांग, जाऊन बघतो."

वंजे माझी मोठी बहीण. आमचं गाव तोडगूर, इंद्रावती नदीच्या अलीकडचं, जिथं सडक संपते त्याच्याही पुढं. ज्या वर्षी ती गेली त्या वर्षी दादालोक घरटी एक पोर मागत होते. दादालोक म्हणजे जंगलातले बंदूकवाले; बाहेरची माणसं त्यांना नक्षलवादी म्हणतात. मी आश्रमशाळेत होते आणि वंजे घरी होती, म्हणून वंजे गेली. तेव्हा तिला नीट साडी नेसता येत नव्हती. त्यानंतर घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. पोलीस आले की विचारायचे, आई म्हणायची, "माहीत नाही," आणि ते खरंच होतं.

आता नदीकाठच्या जंगलात चकमक झाली होती. तीन बाया आणि एक पोलीस मेला होता. तिथं नेमकं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. बायांपैकी दोघींची माणसं सकाळी येऊन बसली होती. कडुनिंबाखाली एक म्हातारा आणि दोन बायका होत्या, आणि पलीकडं भिंतीला टेकून एक तरुण माणूस. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिसरी आमची.

बाबा आत फार वेळ नव्हते. बाहेर आले तेव्हा डोक्याचा पंचा काढून त्यांनी हातात धरला होता.

"वंजे?" मी विचारलं.

"घरी नेऊ," ते म्हणाले.

तेवढंच. मग ते पायऱ्यांवर बसले आणि पंचा पिळू लागले. पंचा कोरडाच होता.

आमच्याबरोबर रामटेके मॅडम होत्या. विशाखा रामटेके, जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करायच्या. वनहक्काच्या कामासाठी एकदा आमच्या गावी येऊन गेल्या होत्या आणि माझ्या शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी आपला नंबर लिहून दिला होता. फोटो पाहिल्यावर मी टेकडीवर चढून, रेंज शोधून त्यांना फोन केला होता. त्या काही विचारत बसल्या नाहीत. "दवाखान्यापाशी मी येते, माझ्याआधी कशावर अंगठा देऊ नका," एवढं म्हणाल्या होत्या.

त्या आम्हाला पोलीस निरीक्षकाच्या खोलीत घेऊन गेल्या. तरुणच होता तो माणूस, डोळे लाल, दाढी वाढलेली. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"ओळख पटली का?"

मी बाबांना माडियात, आमच्या गोंडी बोलीत, विचारलं. बाबा म्हणाले, "माझी पोरगी आहे म्हण."

"माझी मुलगी आहे म्हणतात," मी सांगितलं.

"वंजे दोगे मट्टामी?"

बाबांनी मान हलवली.

"ठीक आहे. पण बॉडी गावाला नेता येणार नाही. इथंच करू आम्ही सगळं. तुम्ही थांबा, बघा, मग जा."

"का नेता येणार नाही?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, का ते तुम्हाला माहीत आहे. अंत्यविधीची सभा होते. लाल कापडं येतात, गाणी होतात. दोन महिन्यांनी त्याच गावातून चार पोरं जंगलात जातात."

"त्यासाठी गावात माणसं ठेवा. प्रेत बापाला द्यावं लागेल. लढाईत मेलेल्याचासुद्धा मान ठेवायचा आणि त्याला घरच्यांना द्यायचं, हा जगभरचा नियम आहे."

"ही लढाई नाही," तो म्हणाला. "कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. तुमचं ते जिनिव्हा-बिनिव्हा इथं लागत नाही."

मॅडमचा आवाज चढला नाही. "बरं. लढाई नाही ना? मग ती चकमकीत मेलेली एक बाई आहे आणि हा तिचा बाप आहे. कुठल्या कायद्यानं अडवता? आणि लढाई आहे म्हणत असाल तर नियम लागतो. दोन्हीकडून बापालाच द्यावं लागतं, साहेब."

चहावरची साय त्यानं बोटानं बाजूला केली आणि तसाच चहा ठेवून दिला. मग बाबांकडं बघून, मॅडमना नाही, बाबांना म्हणाला, "परवा माझा एक पोरगा गेला. काल त्याला त्याच्या गावी पोचवून आलोय. त्याच्या आईनं माझ्या शर्टाला धरलं होतं. सोडेनाच."

मी ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याला विचार, पोरगा कुठला होता."

"आपल्याच जिल्ह्यातला," तो म्हणाला. "गोंडाचाच."

मग त्यानं बेल वाजवून कोणाला तरी आत बोलावलं. "देऊन टाका. गाडी मात्र त्यांनी आपली बघावी."

गाडी मिळायला दुपार झाली. बाजाराला कोंबड्या नेणारा एक पिकअपवाला तयार झाला, तोसुद्धा फक्त सडक संपेपर्यंत. बर्फाच्या लाद्या टाकल्या, वर ताडपत्री, त्यावर ती. पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळलेली, सुतळीनं तीन ठिकाणी बांधलेली. बाबा मागं तिच्यापाशी बसले. मी आणि मॅडम पुढं.

गाडी जंगलात शिरल्यावर मी विचारलं, "जिनिव्हा म्हणजे काय?"

"गाव आहे एक. फार लांब. तिथं सगळ्या देशांनी बसून ठरवलं, लढाई झाली तरी काही गोष्टी करायच्या नाहीत."

"कोणत्या?"

"ज्यानं हत्यार टाकलं, जो जखमी झाला, जो हाती लागला, त्याला मारायचं नाही. छळायचं नाही. कोणाला ओलीस धरायचं नाही. जखमी कोणत्याही बाजूचा असला तरी उचलायचा, दवापाणी करायचं. त्यात तिसरं कलम आहे ते अशाच लढाईसाठी. दोन देशांची नाही, एकाच देशातली, घरातल्या घरात लागलेली."

"आणि मेलेल्यांचं?"

"त्याचेही नियम आहेत. मेलेल्याची विटंबना करायची नाही. होईल तर घरच्यांना द्यायचं, नाहीतर नीट पुरायचं. आणि कोण मेलं ते घरच्यांना कळू द्यायचं."

"दादालोकांना लागतो हा नियम?"

"दोघांनाही लागतो."

"त्यांना माहीत आहे का पण?"

मॅडमनी खिडकीची काच खाली केली.

वाटेत एका खानावळीपाशी ड्रायव्हर जेवायला थांबला. मी बाबांना विचारायला मागं गेले. वाटलं होतं, नको म्हणतील. ते उतरले, हात धुतले आणि पोटभर भात खाल्ला. वरून आणखी मागितला. मी समोर बसून बघत होते. बापाला आपल्या पोरीशेजारून उठून असं जेवता येतं, याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. त्यांच्या ताटातली मिरची संपली तशी मी माझी दिली.

सडक संपली तिथं गावातली माणसं खाट घेऊन उभी होती. मॅडम तिथून परतल्या. जाताना त्यांनी बाबांना हात जोडले आणि मला म्हणाल्या, "शवविच्छेदनाचा अहवाल मिळाला की बोलावते. आपल्याला पुढं जावं लागेल." मी हो म्हणाले. पुढं म्हणजे कुठं, ते मला कळलं नव्हतं.

नाला ओलांडून, मोहाच्या झाडांतून खाट गावात आली. आई अंगणात उभी होती. रडणं सुरू झालं ते शेजारच्या बायांचं. आई रडली नाही. पुरुषांनी खाट मांडवाखाली ठेवली आणि ते खड्डा खणायला गेले. बाबा त्यांच्याबरोबर गेले नाहीत. अंगणाच्या कडेला, डुकरांच्या खुराड्यापाशी उकिडवे बसले.

बाईला बायाच आंघोळ घालतात. आई, मी आणि काकू, कुम्मे तिचं नाव, अशा तिघीच मांडवाच्या आडोशात राहिलो. आईनं सुतळी सोडली. गाठ ओली होऊन बसली होती, तिनं दातांनी सोडवली. कापड बाजूला केलं.

ती वंजे नव्हती.

वंजेहून ती लहान होती, चणीनं बारीक, रंगानं उजळ. कानाच्या पाळीत वरपासून खालपर्यंत भोकं, आणि त्यांत दागिन्याऐवजी गवताच्या काड्या. फोटोतली सूज बर्फानं उतरली होती. सतरा-अठराची असेल. जास्त नाही.

मी तोंड उघडलं. आईनं माझं मनगट धरलं. माझ्याकडं बघितलं नाही, नुसतं धरलं, इतकं घट्ट की बोटांचे वळ उठले. आडोशाच्या फटीतून ती बाबांकडं बघत होती. बाबा जमिनीकडं बघत होते. बाहेर सगळं गाव होतं. त्यात ठाण्याला खबर देणारे होते, जंगलाला देणारेही होते, आणि कोण कोणाचा ते नक्की कोणालाच माहीत नव्हतं.

काकूनं एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा आईकडं. मग ती उठली. "पाणी कोमट आणते," म्हणाली. "गार पाण्यानं कशाला."

आईनं माझं मनगट सोडलं.

आम्ही तिला आंघोळ घातली. छातीत उजवीकडं भोक होतं, पाठीत मोठं. गळ्यापासून बेंबीखालपर्यंत चिरून जाड दोऱ्यानं शिवलेलं होतं, पोतं शिवतात तसं. आईनं त्या शिवणीवरून पाणी टाकलं ते तळहात आडवा धरून, धार लागू नये म्हणून. मी पाय धुतले. तळवे आमच्यासारखेच, भेगाळलेले, टाचेत काटा मोडून राहिलेला, तो मी काढला. डाव्या पायाचं एक बोट शेजारच्या बोटावर चढलेलं होतं. त्या बेचक्यात माती होती, ती काढली. काकूनं केस विंचरले, तेल लावलं. हळद लावली. आईनं पेटी उघडून एक लुगडं काढलं. ते वंजेच्या लग्नासाठी घेऊन ठेवलेलं होतं. तिनं ते तिला नेसवलं, अगदी नीट, निऱ्या मोजून.

सभा वगैरे झाली नाही. लाल कापड आलं नाही. दोन पोलीस लांब मोहाखाली उभे होते. तिला पुरली. गावानं वंजेचं नाव घेऊन माती टाकली.

मोहफुलांचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सगळे टोपल्या घेऊन झाडांखाली गेले, आम्हीही गेलो. फुलं कोणाच्या मरणासाठी थांबत नाहीत. आई दुसऱ्या झाडाखाली होती. मी बाबांच्या समोर वेचायला बसले.

"ती वंजे नव्हती," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

ते वेचत राहिले.

"आतल्या माणसानं कापड वर केलं," ते म्हणाले. "मी बघितलं. आपली नाही. मला फार बरं वाटलं, पोरी. मग तिच्याकडं परत बघितलं. एवढीशी. तोंड उघडं. मी नाही म्हणालो असतो तर त्यानं कापड परत टाकलं असतं. दोघींची माणसं बाहेर बसलेली होती. हिचं कोणी नव्हतं. तो माणूस म्हणाला, बुढ्या, नसेल तुझी तर सांग, उद्या पुरून टाकू, खड्डा काढलाच आहे."

"आणि तुम्ही आपली म्हणालात."

"तुला मासा वाचामी आठवतो?"

मला आठवत होता. आमच्या गावचा पोलीस पाटील, बाबांचा सोयरा. मी शाळेत होते तेव्हा दादालोकांनी त्याला खबऱ्या म्हणून मारलं होतं.

"त्याला वाटेवर टाकला होता," बाबा म्हणाले. "छातीवर चिठ्ठी ठेवली. कोणी हात लावायचा नाही. गावानं लावला नाही. मी नांगर घेऊन निघालो होतो, वाट बदलून गेलो. त्याची बायको झाडामागं बसून कावळ्यांना दगड मारत होती. त्याच्याजवळ जायची तिला बंदी होती, कावळे हाकलायची नव्हती. मी लांबून तिचे दगड ऐकले. दिवसभर ऐकले."

टोपली भरली होती. त्यांनी ती बाजूला सरकवली.

"तेव्हा भीती होती," ते म्हणाले. "काल नव्हती. काल मला कोणाला विचारावंच लागलं नाही, हात लावू का नको. ती गाडी, तो बर्फ, ते सगळं मिळत होतं. नुसतं हो म्हणायचं होतं."

"पण तिची आई?"

"काय?"

"तिला आई असेल, बाबा. तिचं माणूस उद्या आलं तर दवाखान्यात काय सांगतील? तिन्ही बाया नेल्या. दोघी अमक्यांच्या, एक तोडगूरच्या मट्टामीची. ते परत जातील. त्यांना वाटेल, आपली जिवंत आहे. जन्मभर वाट बघतील."

बाबांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला बोलल्याचं वाईट वाटलं. गेल्या काही दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे.

"हे माझ्या डोक्यात आलं नाही," ते म्हणाले.

थोड्या वेळानं म्हणाले, "कोणाला सांगू नको. मला आत टाकतील."

मी आठवडाभर सांगितलं नाही. आईनं तर विषयच काढला नाही. रोज संध्याकाळी ती त्या मातीपाशी जाऊन पाणी ठेवून यायची. मी एकदा विचारलं, "कोणाला ठेवतेस?" ती म्हणाली, "जी असेल तिला."

मग मॅडमचा निरोप आला, अहवाल आला आहे म्हणून. मी एकटी गेले. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस होतं. त्या कागद पुढं करून मला समजावू लागल्या, गोळी कुठून शिरली, किती अंतरावरून असेल, आपण कोर्टात काय मागायचं. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ती आमची वंजे नव्हती."

त्यांनी चष्मा काढला. मग रागावल्या. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"तुझ्या बापानं काय केलंय कळतंय का तुला? मी त्या साहेबासमोर उभी राहून घरच्यांच्या हक्कावर भांडले. आणि त्या पोरीच्या खऱ्या घरच्यांचा हक्क मीच मोडला! त्यांना कधी कळणारच नाही आता."

"म्हणून तर आले," मी म्हणाले.

त्या उठून आत गेल्या, तोंडावर पाणी मारून आल्या. माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

"ठाण्यात कळवलं तर खोटी ओळख दिली म्हणून बापावर गुन्हा," त्या म्हणाल्या. "शिवाय विचारतील, का दिली? खरी वंजे कुठं आहे? तिला लपवायला दिली का? घर उलटंपालटं करतील. नाही कळवलं तर ती पोरगी कायमची हरवली."

"आणि वंजे?"

"सरकारदरबारी वंजे मेली. आता तिला कोणी शोधणार नाही. जिवंत असेल तर सुटली म्हणायची." त्यांनी चष्मा परत घातला. "आणि उद्या खरंच कुठं पडली तर तिला तिच्या नावानं कोणी हाक मारणार नाही."

शेवटी त्यांनी मार्ग काढला तो असा: कागदावर काही आणायचं नाही. नदीपलीकडं, छत्तीसगडच्या बाजूला, त्यांच्या ओळखीची माणसं होती, गावोगाव फिरणारी. त्यांच्या कानावर घालायचं. अशी अशी पोरगी, या दिवसांत, या जंगलात. अंगावरच्या खुणा मी सांगितल्या. धुतलेलं अंग विसरत नाही. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या. त्यांनीही काही लिहून घेतलं नाही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, मी बोलून आले. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "बरं केलंस," आणि कुऱ्हाड घेऊन निघून गेले.

वंजेचं पुढं काय झालं ते आजही आम्हाला माहीत नाही, हे इथंच सांगून टाकते. ती परत आली नाही. तिची म्हणून आणखी कोणती बॉडीही आली नाही. रेशनकार्डावरून नाव कमी झालं.

पण ते दोघं आले. पावसाळा सरून नदीचं पाणी उतरलं, डोंगी चालू लागली, तेव्हा आले. बाजारचा दिवस होता. एक काळासा, हडकुळा माणूस आणि त्याच्यामागं त्याची बायको, डोक्यावर गाठोडं. विचारत विचारत आमच्या अंगणापर्यंत आले. त्यांची बोली आमच्यासारखीच, थोडी ओढून बोलायचे एवढंच. माणसाचं नाव कोसा, बाईचं हुंगी.

आईनं पाणी दिलं. खाट टाकली. कोणी विषय काढेना. मग ती बाईच म्हणाली, "तुमच्याकडं आमचं कोणी आहे म्हणतात."

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"डाव्या पायाचं एक बोट दुसऱ्यावर चढलेलं होतं," मी म्हणाले.

बाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही, रडलीही नाही. "भीमे," म्हणाली. "पोटातच तसं आलं होतं."

मग ती मला एकेक विचारू लागली आणि मी सांगू लागले. कुठं लागलं होतं? छातीत. तोंडाला लागलं होतं का? नाही, तोंड चांगलं होतं. डोळे? मिटले होते. कोणी मिटले? आईनं. कापड होतं अंगावर? लुगडं नेसवलं, नवीन. तेल? लावलं. ती म्हणाली, काटे फार शिरायचे तिला, वेंधळी चालायची. एक होता टाचेत, मी काढला. शिवणीचं मी सांगितलं नाही. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"आंघोळ कोणी घातली?"

"आम्ही तिघींनी. कोमट पाण्यानं."

ती उठली आणि माझ्यापाशी येऊन बसली, इतकी जवळ की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तशीच बसून राहिली.

आई त्यांना मातीपाशी घेऊन गेली. आम्ही मागं राहिलो. बाबा कोसाला म्हणाले, "मी तुमची पोरगी माझी म्हणून आणली. तुम्हाला विचारलं नाही. चुकलं असेल तर सांगा."

कोसानं विडी पेटवली. "आम्हाला कळायला उशीर झाला," म्हणाला. "कळलं असतं तरी आलो नसतो. तिकडं बॉडी मागायला गेलं की मागणाऱ्यालाच धरतात. तुम्ही नसती आणली तर कुठं गेली असती?" विडी विझली, त्यानं परत पेटवली. "नेणार नाही आम्ही. इथं राहू दे. वाट लांब आहे."

तेवढ्यात मातीकडून रडणं ऐकू आलं. एकीचं नाही, दोघींचं. आईचा आवाज मी लगेच ओळखला. वंजे गेली तेव्हापासून तो मी ऐकला नव्हता. बाबा उठून उभे राहिले, गेले मात्र नाहीत.

ते दोघं जेवले आणि उन्हं कलायच्या आत निघाले. नाल्यापर्यंत आम्ही पोचवायला गेलो. पाण्यात पाऊल टाकण्याआधी बाबांनी कोसाच्या दंडाला धरलं.

"तुमच्या बाजूला," ते म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "तुमच्या बाजूला कोणी अशी अनोळखी पोरगी पुरली असेल. कोणी नसलेली. कधी कानावर आलं तर..."

"विचारतो," कोसा म्हणाला. "कशी होती?"

बाबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. मग आईनं उघडलं, तिलाही जमलं नाही. इतकी वर्षं त्या नावाला घरात कोणी हात लावला नव्हता.

"उंच आहे," मी म्हणाले. "माझ्याहून टीचभर उंच. डावखुरी आहे, विळाही डाव्या हातानं धरते. हसताना तोंडावर हात ठेवते, पुढचा दात अर्धा आहे म्हणून. उजव्या भुवईत तीळ आहे. पाण्याला घाबरते. नाला आला की कोणाचा तरी हात धरते, आणि पलीकडं गेली की म्हणते, मी नव्हता धरला. वंजे तिचं नाव. वंजे मट्टामी."

हुंगीनं ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मग नवऱ्याचा हात धरून ती पाण्यात उतरली.